बाज्याला कधी जाऊ द्यायचं?

प्रश्न: माझा कारवान जातीचा कुत्रा नऊ वर्षांचा आहे. कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, घरात तो बाज्या. तीन वर्षांचा असताना डॉग शोमध्ये चॅम्पियन झाला, पुढे दोनदा बेस्ट इन शोच्या लाइनअपपर्यंत, म्हणजे शोमधल्या सर्वोत्तम कुत्र्याच्या शेवटच्या निवडीपर्यंत गेला. दीड महिन्यापासून पुढच्या उजव्या पायाने लंगडतो, मनगटाच्या वर सूज आहे. एक्स-रे आणि बायॉप्सीत हाडाचा कॅन्सर निघाला. छातीच्या फोटोत फुप्फुसांवर दोन-तीन ठिपके आहेत. आमचे डॉक्टर म्हणाले, आता पाय काढून फारसा उपयोग नाही, झोपवायचं का ते तुम्ही ठरवा. शोमधले मित्र म्हणतात, डिसेंबरच्या शोला व्हेटरनमध्ये, म्हणजे वयस्कर कुत्र्यांच्या गटात, एकदा फिरवून आण आणि सीमेन (वीर्य) साठवून ठेव. आई म्हणते, इंजेक्शन देऊन मारणं पाप आहे, त्याच्या वेळेला तो जाईल. लहानपणापासून कुत्री पाळतोय, पण असं काही कधी ठरवायची वेळ आली नाही. वेळ झाली हे कळतं कसं? आणि तेव्हा मी जवळ थांबावं का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, थांबा. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसलात तर तो शेवटच्या क्षणापर्यंत दाराकडे बघत राहतो. टेबलाच्या या बाजूने, पशुवैद्य म्हणून, मी ते अठ्ठावीस वर्षं पाहते आहे. रडू आलं तर येऊ दे, आम्हाला त्याची सवय आहे.

बाकीच्या गोष्टी जरा सावकाश सांगते, कारण तुमचा कुत्रा शोचा आहे आणि इथे त्यानेच सगळा घोळ होतो.

आधी आजाराचं. मोठ्या, लांब पायांच्या कुत्र्यांमध्ये हा कॅन्सर जास्त दिसतो आणि मनगटाच्या वरचा भाग ही त्याची ठरलेली जागा. फुप्फुसं स्वच्छ असताना पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात, जोडीला केमो दिली तर दहा-बारा. तीन पायांवर कुत्री छान पळतात, ती भीती नको. पण ठिपके फोटोत दिसायला लागले की हिशेब बदलतो. मग गोष्ट साधारण दोन महिन्यांची असते, कधी त्याहूनही कमी. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं आहे. फक्त 'तुम्ही ठरवा' म्हणून सोडून द्यायला नको होतं. ठरवायचं कसं, हे सांगणं आमचंच काम असतं.

हाडाचा कॅन्सर फार दुखतो. हाड आतून पोखरलं जातं आणि वरची पातळ साल ताणली जाते. माणसांमध्ये अशा रुग्णांना रात्री झोप लागत नाही. कुत्र्यांचं वेगळं असायचं काही कारण नाही, ती बोलत नाहीत एवढंच. आणि असं पोखरलेलं हाड कुठल्याही दिवशी मोडू शकतं. जिना उतरताना, दिवाणावरून उडी मारताना, नुसतं वळतानासुद्धा. बाज्या अचानक किंचाळला आणि पाय लोंबकळायला लागला तर तो दिवस ठरवण्याचा नाही, त्याच दिवशी सोडवायचं. म्हणून रात्री-अपरात्री फोन उचलेल अशा एका डॉक्टरांचा नंबर आजच घेऊन ठेवा. गावात तसं कुणी नसेल तर जवळच्या शहरातला. हे आधी करा, बाकीचं पुढे वाचा.

आता शोच्या कुत्र्याचं. मी बरीच वर्षं शोच्या मैदानावर ड्यूटी केली आहे आणि स्वतःही कुत्री फिरवली आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ग्रेट डेन आला होता, चॅम्पियन, आजार हाच, फक्त खांद्याजवळ. दारातून आत येताना तीन पायांवर उड्या मारत आला. मी म्हटलं, जरा उभा करा, बघू या. मालकांनी सवयीने खिशातून शो-लीड, म्हणजे रिंगमध्ये फिरवायचा पट्टा काढला, कानांच्या मागे वर चढवला आणि हलकेच ताण दिला. तो कुत्रा चारही पायांवर उभा राहिला. चौकोनी, मान वर, दुखरा पाय सरळ जमिनीवर टेकवून, त्यावर पूर्ण भार देऊन. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, अजून उभा राहतोय की! तेवढं दुखत नसेल."

मी खाली बसले. त्याच्या खांद्याचा स्नायू थरथरत होता, बुबुळं मोठी झाली होती आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती. मालकांना लीड सैल सोडायला सांगितला. सोडल्याबरोबर पाय वर गेला.

आपण त्यांना हेच तर शिकवलेलं असतं. चार महिन्यांच्या पिल्लाला आरशासमोर उभं करतो, पाय जागेवर लावतो, हललं की पुन्हा लावतो. उन्हात, गर्दीत, परक्या माणसाने जबडा उघडून दात मोजले तरी जागा सोडायची नाही. नऊ वर्षं तो हे तुमच्यासाठी करत आला आहे. आता दुखतंय म्हणून तो ते सोडून देणार नाही. म्हणून 'तो सांगेल मला' या भरवशावर राहू नका. साधी घरगुती कुत्री बऱ्याचदा सांगतात, शोची कुत्री लपवतात. आणि लीड हातात असताना तर ती कधीच सांगत नाहीत.

कारवानच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अंगावर चरबी नसतेच, निरोगी असतानाही फासळ्या दिसतात. त्यामुळे तो खंगतोय हे रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. फासळ्या बघू नका. डोळ्यांच्या वर, कपाळाच्या दोन्ही बाजूंना हात लावा. तिथे खळगे पडलेत का? मागच्या मांड्या पूर्वी दगडासारख्या होत्या, आता मऊ लागतात का? कोपरांवर, कुल्ल्याच्या हाडांवर कातडी लाल झाली आहे का? जाड गोधडीची चौपदरी घडी करून त्याच्या जागेवर घाला. या जातीची कातडी कागदासारखी असते, फरशीवर पडून राहिला तर आठवड्यात जखमा होतात.

आता वेळ कशी ओळखायची. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी 2004 साली एक मोजपट्टी सुचवली, ती जगभर वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर चाललंय ते बरं चाललंय म्हणायचं. पट्टी चांगली आहे, पण माझा अनुभव असा की माणसं गुण देताना स्वतःला पास करतात. बाज्याने अर्धी भाकरी खाल्ली की भुकेला आठ!

त्यापेक्षा मी कालनिर्णय वापरायला सांगते. आज बसून बाज्याच्या चार-पाच खास सवयी लिहा. त्याच्या स्वतःच्या. गाडीचा आवाज आला की फाटकापर्यंत जातो का. सकाळी उन्हाच्या तिरिपेत जाऊन पडतो का. मांजर दिसलं की कान उभे होतात का. तुम्ही जेवायला बसलात की ताटाजवळ येऊन नाक लावतो का. रात्री एका कुशीवर सलग झोपतो, की दर अर्ध्या तासाने उठून जागा बदलतो? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर तुम्हाला नाही, रात्री जाग येणाऱ्या तुमच्या आईंना माहीत असेल. त्यांना विचारा. रोज रात्री तारखेच्या चौकटीत निळ्या किंवा लाल पेनाने फुली मारा. त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी झाल्या तर निळी, नाही तर लाल. सलग तीन लाल आल्या, किंवा आठवड्यात चार, की मला किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करा. पुढच्या आठवड्याची वाट बघायची नाही. फुली घरातल्या दोघांनी वेगवेगळी मारली तर आणखी चांगलं. तुमची निळी आणि आईंची लाल आली, तर आईंची खरी धरा.

तोपर्यंत दुखणं दाबायचं. मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेन, पोटात अन्न असताना, डॉक्टरांनी वजनावरून दिलेल्या मापातच. उलटी झाली किंवा शी डांबरासारखी काळी दिसली की लगेच थांबवून फोन करायचा. जोडीला गॅबापेंटिन. त्याचं माणसांचं सिरप आणू नका, काहींमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे, गोळ्याच आणा. घरातली आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांना हात लावायचा नाही, जठर फुटून रक्तस्राव होतो. हाडाच्या दुखण्यासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन मिळतं, काही कुत्र्यांना त्याने दोन-तीन आठवडे छान जातात. विचारून बघा. यातलं काहीही कॅन्सर थांबवत नाही, पण निळ्या फुल्या वाढवतं.

डिसेंबरच्या शोचं माझं उत्तर सरळ आहे. नको. प्रवास, रात्रीची थंडी, लाउडस्पीकर, हे सगळं एक वेळ सोडा. रिंगमध्ये नेल्यावर तो काय करेल ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. लीड वर गेला की तो पाय टेकून पळेल. टाळ्या वाजतील, फोटो निघतील, आणि कदाचित तिथल्याच मैदानावर ते हाड मोडेल. मित्रांना त्याला बघायचं असेल तर घरी बोलवा. अंगणात सतरंजी टाका, चहा करा, तो ज्याच्याजवळ जाईल त्याने त्याला खाजवावं. मैदानावर निरोप घ्यायची हौस माणसांची असते.

सीमेन साठवायला मित्र का सांगतात ते मला कळतं. कारवान म्हणजेच मुधोळ हाउंड. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे राजेसाहेबांनी ही जात जपली, 2005 साली टपालाच्या तिकिटावर ती आली, आणि तरीही चांगल्या रक्ताचा नर शोधायला आजही दहा गावं पालथी घालावी लागतात. पण नऊ वर्षांच्या, दुखण्याच्या गोळ्यांवर असलेल्या, कॅन्सर पसरलेल्या कुत्र्याकडून या घडीला ते घेणं मला पटत नाही. पहिलं कारण त्याचा त्रास. दुसरं कारण ब्रीडर म्हणून तुम्हाला जास्त टोचेल. काही मोठ्या शिकारी जातींमध्ये हा कॅन्सर घराण्यात उतरतो असं दिसून आलेलं आहे. म्हणजे प्रश्न आणखी पिल्लं काढावीत का हा नाही. झालेल्या पिल्लांचं काय, हा आहे.

बाज्याची पिल्लं कुठे कुठे गेली त्याची वही तुमच्याकडे असेलच. त्या प्रत्येक घरी फोन करा. "बाज्याला हाडाचा कॅन्सर झालाय. तुमच्याकडचं पिल्लू आता पाच-सहा वर्षांचं असेल. लंगडलं तर मुरगळलं म्हणून तेल चोळत बसू नका, पंधरा दिवसांत एक्स-रे काढा." एवढंच सांगायचं. आपल्याकडे हे कुणी करत नाही. नाव खराब होईल, पिल्लांचा भाव पडेल म्हणून सगळे गप्प बसतात, आणि पाच वर्षांनी त्याच रोगाचे भाऊ-बहीण माझ्या टेबलावर येतात, तेही उशिरा. चॅम्पियनचा मालक म्हणून त्याच्यासाठी अजून काही करायचं राहिलं असेल तर ते हे आहे. सर्टिफिकेटं काय, फाइलमध्ये आहेतच.

आता आई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या पिढीने 'कुत्र्याला इंजेक्शन देणं' म्हणजे काय बघितलं आहे, ते आठवा. नगरपालिकेची माणसं भटक्या कुत्र्यांना पकडून स्ट्रिक्नीन द्यायची. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याच्या बियांतलं विष. पूर्ण शुद्धीत, धनुष्यासारखं शरीर वाकून, झटके येऊन ती कुत्री मरायची. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्यात हृदयात स्ट्रिक्नीन टोचून मारणं हा गुन्हा म्हणून नाव घेऊन लिहिला आहे, यावरून ते किती सर्रास चालत असेल बघा. 2001 च्या नियमांनी भटक्यांना मारण्याऐवजी नसबंदी आणली. पण ज्यांनी गल्लीत ते डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या मनातून ते जात नाही. तुमच्या आईंना पापाची भीती वाटते ती बहुतेक त्या दृश्याची असते. त्यांना माझ्याशी फोनवर बोलू द्या, किंवा तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आपण देतो ती ऑपरेशनच्या वेळची भूलच असते, माप जास्त, एवढं समजलं की बऱ्याच आज्या शांत होतात. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "मग माझ्यासाठी पण ठेवा थोडं." बाहेर येऊन हसलो आम्ही.

आणि एवढं सांगूनही त्यांना नाहीच पटलं, तरी घरात भांडण नको. पण मग 'त्याच्या वेळेला जाईल' याचा अर्थ त्यांना खराखुरा सांगा. या आजारात झोपेत शांतपणे जाणारे थोडे. बहुतेक जण धाप लागून जातात, किंवा पाय मोडून.

माझी एक गोष्ट सांगते, मग त्या दिवसाकडे वळू. रेवा माझी जर्मन शेफर्ड, चॅम्पियन, मीच तिला रिंगमध्ये फिरवायचे. अकराव्या वर्षी प्लीहेवर गाठ निघाली, यकृतापर्यंत गेलेली. हे फुटलं की पोटात रक्तस्राव होतो, हे मी दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगत असते. मंगळवारी तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, बुधवारी सावरली. मुलगा बंगळूरला शिकत होता, शनिवारी सकाळी येणार होता. तिला त्याने वाढवलं होतं. मी ठरवलं, शनिवारपर्यंत थांबू. शुक्रवारी रात्री बारा वाजता ती न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर जाऊन पडली, कारण तिथे गार होतं. चार वाजेपर्यंत धापत होती. माझ्या बॅगेत थायोपेंटोनच्या दोन बाटल्या होत्या. मी दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघत होते, बस कुठपर्यंत आली असेल याचा हिशेब करत होते. मुलगा साडेसहाला आला. तिला जाऊन अडीच तास झाले होते.

लोकांना सल्ला द्यायला मी मोकळी आणि स्वतःच्या कुत्रीला ते चार तास दिले. त्यानंतर कुणी मला विचारलं, "डॉक्टर, आठवडाभर थांबलो तर चालेल का, मुलगी येणार आहे," तर मी म्हणते, मुलीला आज रात्रीच्या गाडीत बसवा, नाहीतर व्हिडिओ कॉल लावा. उशीर केल्याबद्दल मला पुढे वर्षानुवर्षं फोन येतात. घाई केली म्हणून आलेले फोन दोन-तीन असतील.

आता त्या दिवशी काय होतं. शक्य असेल तर डॉक्टरांना घरी बोलवा. बाज्याच्या रोजच्या जागेवर, गोधडीवर. सकाळची वेळ ठरवा म्हणजे दिवसभर वाट बघत बसावं लागत नाही. पावसाचे दिवस असतील आणि शेतात पुरायचं असेल तर खड्डा आदल्या दिवशीच करून ठेवा आणि वर पत्रा टाका. खड्डा आधी खणायचा म्हणजे कसंसंच होतं, कळतं मला. पण त्या दुपारी चिखलात उभं राहून फावडं मारणं त्याहून वाईट.

आधी कातडीखाली किंवा स्नायूत गुंगीचं इंजेक्शन. टोचल्याचं कळतं, मग दहा-पंधरा मिनिटांत डोकं जड होतं आणि तो तुमच्या मांडीवर कलंडतो. मग शिरेत इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनला लावतात ती नळी. कारवानच्या शिरा दोरीसारख्या वर दिसतात, त्याबाबतीत ही जात आम्हा डॉक्टरांची लाडकी आहे. पुढचा उजवा पाय तर धरायचाच नाही. मी नेहमी मागच्या पायाची शीर घेते, म्हणजे डोकं घरच्यांकडे राहतं आणि माझी पाठ कुणाच्या मध्ये येत नाही. तुमच्या डॉक्टरांना हे आधी सांगून ठेवा, ऐकतील. मग थायोपेंटोन. फिकट पिवळी पावडर असते, पाण्यात विरघळवून सिरिंजमध्ये भरतात. या शिकारी जातींना त्या औषधातून शुद्धीवर यायला फार वेळ लागतो म्हणून ऑपरेशनला आम्ही ते टाळतो. इथे तो प्रश्न नाही. अर्ध्या मिनिटात श्वास मंदावतो, एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. कुणी त्यानंतर दुसरं औषध देतात, मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड. पूर्ण बेशुद्धीत ते चालतं, शुद्धीत असलेल्या जनावराला ते देणं म्हणजे छळ आहे. म्हणून लाजू नका, आधीच विचारा, "आधी भूल देणार ना?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

काही गोष्टी आधी माहीत असल्या की दचकायला होत नाही. डोळे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखाद-दुसरा मोठा श्वास येतो, पोटऱ्या थरथरतात. तो परत आलेला नसतो. लघवी होते, म्हणून खाली जुनी चादर घाला. घरात लहान मूल असेल तर त्याला 'झोपवलं' म्हणून सांगू नका. रात्री दिवे घालवले की ते मूल झोपायला घाबरतं. मेला, खूप आजारी होता, डॉक्टरांनी त्याला दुखू न देता जाऊ दिलं, असं सरळ सांगा. मुलं आपल्यापेक्षा लवकर समजतात.

घरात दुसरी कुत्री आहेत का ते तुम्ही लिहिलं नाही. असतील तर पुरायच्या आधी त्यांना बाज्याजवळ येऊ द्या. हुंगतील, एखादं पाठ फिरवून निघून जाईल, एखादं तिथेच बसेल. न दाखवता नेलं तर आठवडाभर फाटकाशी शोधत फिरतात.

शेतात पुरणार असाल तर खड्डा निदान कमरेएवढा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती चादर पुरे. वर मोठे दगड रचा. हे श्रद्धेपोटी सांगत नाही. औषध शरीरात राहतं आणि कोल्ह्याने किंवा गावच्या कुत्र्याने उकरून खाल्लं तर तेही मरतं. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांचं काय झालं ते आपण बघितलं आहे, 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोपर्यंत आभाळ रिकामं झालं होतं. शहरात असाल तर महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला विचारा. मुंबईत मालाडला पाळीव प्राण्यांची दहनव्यवस्था आहे.

कुणी म्हणेल, कुत्र्याला काय समाधी बांधता? त्याला साताऱ्याला पाठवा. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं आणि त्याला पालखीचा मान मिळाला असं सांगतात. तुम्ही आंब्याचं रोप लावलंत तरी पुरे.

एक माणूस सगळे विसरतात. हँडलर. बाज्याला रिंगमध्ये कुणी फिरवलं? तुम्ही स्वतः नसाल तर त्या पोराला आत्ता फोन करा, झाल्यावर नको. त्याने तुमच्या कुत्र्याबरोबर दहा मैदानं पळून काढली, गाडीत त्याच्याशेजारी झोपला, स्वतःच्या डब्यातलं त्याला दिलं. पुढे कुणाच्या तरी स्टेटसवर फोटो बघून त्याला कळतं. एक हँडलर माझ्याकडे येऊन रडला होता, "मॅडम, मला कुणी सांगितलंच नाही." त्याला येऊन भेटू द्या. त्याला जमलं तर त्या दिवशीही असू द्या.

रजिस्ट्रेशनचे कागद, मायक्रोचिपचा नंबर एका पाकिटात घालून ठेवा, वंशावळीला पुढे लागतात. ट्रॉफ्यांचं काय करायचं ते वर्षभर ठरवू नका.

भूल देण्याआधी ऑपरेशनसारखं उपाशी ठेवायचं नसतं. त्या सकाळी लिव्हर उकडून डब्यात घ्या, रिंगमध्ये खिशात ठेवायचात तेच, यावेळी तुकडे मोजू नका. चालेल तेवढं देत राहा. आणि शो-लीड कपाटात राहू द्या. तो गळ्यात आला तर बाज्या उठून उभा राहायला बघेल. साधा पट्टाही काढून टाका, त्याला आडवं पडू दे.